पोट दुसऱ्यांदा तपासताना

जनरल सर्जन म्हणून माझी बहुतेक वर्षं तालुक्याच्या गावी गेली. विदर्भातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकले, मग मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात नोकरी केली आणि आता त्याच गावात छोटं हॉस्पिटल चालवते. या सगळ्या काळात ऑपरेशनं पुष्कळ केली, पण त्याहून कितीतरी जास्त वेळा पोटं तपासली. लोकांना वाटतं, सर्जनचं काम टेबलावर सुरू होतं. ते त्याच्या बरंच आधी, लोखंडी खाटेजवळ, रुग्णाने सदरा वर घेतल्यावर सुरू होतं. कुणाचं पोट आज रात्रीच उघडायचं, कुणाला सलाइनवर ठेवून थांबायचं आणि कुणाचा आजार मुळात पोटात नाहीच, हे तिथे ठरतं. त्या ठरवण्याबद्दल मला लिहायचं आहे.

पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षी आमच्या युनिटच्या सरांची एक सवय आम्हाला वेळखाऊ वाटायची. कॅज्युअल्टीत पोटदुखीचा रुग्ण आला की ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि हात न लावता नुसते बघायचे. पुढे कळलं की त्या बघण्यात निम्मं निदान होऊन जायचं. मुतखड्याची कळ आलेला माणूस एका जागी ठरत नाही. उठतो, बसतो, उकिडवा होतो, कमरेवर हात दाबून येरझाऱ्या घालतो. ज्याच्या जठराचा व्रण फुटून आतलं आम्ल पोटाच्या पोकळीत सांडलंय तो मात्र हलत नाही. गुडघे जवळ घेऊन निपचित पडतो, श्वाससुद्धा छातीच्या वरच्या भागाने घेतो, कारण पोट जरा हललं तरी जीव कळवळतो. नातेवाइकांना ओरडणारा जास्त आजारी वाटतो, आणि गर्दीच्या कॅज्युअल्टीत डॉक्टरांची धावही आधी त्याच्याकडेच जाते. सर आम्हाला गप्प पडलेल्याकडे आधी न्यायचे.

बघताना आणखीही बरंच सापडतं. पोट श्वासाबरोबर हलतंय का. सगळीकडून फुगलंय की एकाच बाजूने. बारीक अंगाच्या माणसाच्या पोटावर कातडीखालून आतड्याची लाट सरकताना दिसते का; दिसली तर पुढे कुठेतरी वाट अडलेली असते. जुन्या ऑपरेशनची खूण आहे का, कारण आतडं अडकण्याचं ते नेहमीचं कारण. विदर्भात असताना एक वेगळी खूण दिसायची. मेळघाटातून आणलेल्या तान्ह्या बाळांच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे किंवा सळईचे चटके असायचे. तिकडे त्याला डंबा म्हणतात. बाळाचं पोट फुगलं, रडणं थांबेना, की हा उपाय केला जातो. ते चटके पाहून वॉर्डात कुणी ना कुणी त्या आईवर डाफरायचं. मला त्या खुणांतून एक उपयोगाची गोष्ट कळायची: हे पोट आज फुगलेलं नाही, काही दिवसांपासून फुगलेलं आहे. खपली किती जुनी आहे त्यावरून दुखणं किती जुनं आहे त्याचा अंदाज यायचा. आईशी नीट बोललं तर उरलेलं ती स्वतःच सांगायची. तिने आपल्या परीने बाळाला वाचवायचाच प्रयत्न केलेला असायचा.

हात लावण्याचे नियम साधे आहेत आणि घाईत ते सगळे मोडले जातात. हात गरम हवा. डिसेंबरात बाहेरून आलेला गार हात ठेवला की कुणाचंही पोट आक्रसतं. रुग्णाच्या उजव्या अंगाला स्टुलावर बसावं, म्हणजे आपला हात त्याच्या पोटाच्या पातळीला येतो. बोटांची टोकं खुपसू नयेत, पंजा सपाट ठेवावा. जिथे दुखतं तिथे सगळ्यात शेवटी जावं. आणि नजर पोटाकडे न ठेवता तोंडाकडे ठेवावी. ‘दुखतंय का’ या प्रश्नाला आमच्याकडचे म्हातारे शेतकरी ‘नाही’ म्हणतात, पण भुवईची आठी खोटं बोलत नाही.

दुखेल या भीतीने माणूस स्वतःहून पोट आवळतो. असं आवळलेलं पोट श्वास सोडताना सैल पडतं, बोलण्यात गुंतवलं तर मऊ होतं. आत पू किंवा आम्ल पसरून पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आली असेल तर मात्र स्नायू आपणहून ताठतात. तिथे रुग्णाची सत्ता चालत नाही, आणि आपली समजूतही चालत नाही. हा फरक ओळखणं म्हणजे पोट तपासण्यातलं अर्धं शहाणपण. त्यासाठी रुग्णाला बोलतं ठेवावं लागतं. काकांना मी सोयाबीनला काय भाव मिळाला ते विचारते, आजींना नातवंडांचं विचारते. उत्तराकडे माझं अर्धं लक्ष असतं, अर्धं हाताखालच्या स्नायूकडे. लहान मुलांना आईच्या मांडीवरच तपासते. मूल फारच घाबरलं असेल तर त्याचाच हात त्याच्या पोटावर ठेवायला लावते आणि त्यावर माझा हात ठेवते. स्वतःच्या हाताला कुणी घाबरत नाही.

दाबलेला हात झटकन उचलला की दुखण्याची सणक उठते, ही खूण १९०७ साली जर्मनीच्या ब्लुम्बर्ग यांनी मांडली. आम्हाला विद्यार्थी असताना ती प्रत्येक पोटावर करायला लावत. एकाच रुग्णाच्या पोटावर पाठोपाठ पाच-सहा विद्यार्थी हात दाबून उचलायचे आणि तो बिचारा दर वेळी विव्हळायचा. मी ती जवळजवळ सोडून दिली आहे. खोकायला सांगितलं, किंवा एका बोटाने हलकं ठोकलं, तरी तीच माहिती मिळते. मुलाला जागच्या जागी उडी मारायला सांगितलं तर ज्याच्या अपेंडिक्सला सूज आहे ते मूल उडी मारतच नाही. आणि आमच्या भागात तर रस्तेच परीक्षा घेतात. ‘गाडीत बसून येताना खड्ड्यात आदळलं की पोटात काय झालं?’ हा प्रश्न मी कित्येक वर्षं विचारत आले. २०१२ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अगदी हाच प्रश्न गतिरोधकांबद्दल विचारून अभ्यास केला. तपासणीत अपेंडिक्सची सूज नक्की झालेल्या ३४ जणांपैकी ३३ जणांना गतिरोधकावरून गाडी जाताना दुखणं वाढल्याचं जाणवलं होतं. तो निबंध वाचला तेव्हा मला फार समाधान वाटलं. खाटेशेजारी विचारलेल्या साध्या प्रश्नाला शास्त्रात जागा मिळाली होती.

पण या सगळ्यापेक्षा मोठा धडा मला मिळाला तो एकाच पोटाला पुन्हा हात लावताना.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक शाळकरी मुलगा सकाळी आला. आदल्या रात्रीपासून बेंबीभोवती दुखत होतं, जेवण नको म्हणत होता, एक उलटी झाली होती. पोट मऊ. दाबल्यावर कुठेच ठाम दुखत नव्हतं. त्या दिवशी सोनोग्राफीचे डॉक्टर आले होते, त्यांनी अपेंडिक्स दिसत नाही आणि बाकी सगळं ठीक आहे असं लिहिलं. घरच्यांना दुपारच्या एसटीने परत जायचं होतं, कापूस वेचायला माणसं ठरलेली होती. वडील म्हणाले, “मॅडम, रिपोर्ट चांगला आलाय की, मग कशाला ठेवता?” मला काही ठोस सांगता येत नव्हतं. एवढंच म्हटलं की संध्याकाळपर्यंत थांबा, मी पुन्हा हात लावते. केसपेपरवर पोटाचं चित्र काढलं, कुठे किती दुखतं ते लिहिलं, वेळ टाकली. दुपारी पुन्हा पाहिलं तेव्हा उजवीकडे खाली दाबल्यावर त्याने माझं मनगट धरलं. संध्याकाळी तिथलं पोट हाताखाली ताठ लागायला लागलं. रात्री ऑपरेशन केलं. अपेंडिक्स सुजून टम्म झालं होतं, फुटायच्या बेतात.

१८८९ साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे जाणाऱ्या रेषेवर दीड ते दोन इंचांवर जो बिंदू सांगितला, तो आजही प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. त्या मुलाच्या पोटावर सकाळी तो बिंदू रिकामा होता आणि संध्याकाळी भरला होता. मॅकबर्नी चुकले नव्हते. सुरुवातीला अपेंडिक्सचं दुखणं बेंबीपाशीच जाणवतं, आणि सूज पोटाच्या आवरणाला भिडली की मग ते खाली उजवीकडे उतरतं. आजार सरकत असतो आणि आपण त्याला एका क्षणी पकडलेलं असतं. एकदा केलेली तपासणी म्हणजे फक्त एक नोंद. काही तासांनी त्याच हाताने केलेली दुसरी तपासणी तिच्याशेजारी ठेवली की दिशा कळते. म्हणून मी ड्यूटीवरच्या मुलांना सांगते, जमेल तिथे ज्याने पहिल्यांदा पोट पाहिलं त्यानेच दुसऱ्यांदा पाहावं. एकाने लिहिलेलं ‘किंचित दुखतं’ आणि दुसऱ्याने लिहिलेलं ‘किंचित दुखतं’ यांत बरंच अंतर असू शकतं.

आणि अपेंडिक्स नेहमी त्या बिंदूवर बसलेलंही नसतं. मोठ्या आतड्याच्या मागे दडलं असेल तर पुढून पोट मऊच लागतं. रुग्णाला डाव्या कुशीवर घेऊन उजवी मांडी मागे ओढली की मग तो ओरडतो. ओटीपोटात लोंबत असेल तर गुदद्वारातून बोट घालून तपासल्याशिवाय कळत नाही. ही तपासणी रुग्णाला नको असते आणि डॉक्टरलाही नको असते, म्हणून ती टाळली जाते. गरोदर बाईत ते वर सरकलेलं असू शकतं.

दुसऱ्या तपासणीची किंमत मला सगळ्यात जास्त कळली ती मात्र दुखणं कमी झालेल्या रुग्णापाशी. एक काका गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने दुकानातून गोळ्या आणून खात होते. पहाटे पोटाच्या वरच्या भागात अचानक, कुणी सुरी खुपसावी तशी कळ आली. घरच्यांनी जीपमध्ये घालून आणेपर्यंत दुपार झाली होती, आणि दुपारी ते म्हणत होते, “आता आराम पडलाय बाई. सलाइन लावा अन् सोडा.” मुलगाही तेच म्हणत होता. रंग जरा बरा दिसत होता, नाडी थोडी वाढलेली होती. पण ते कुशीवर वळायला तयार नव्हते, आणि हात ठेवला तर पोट फळीसारखं. जठराचा व्रण फुटल्यावर काही तासांनी असा एक फसवा काळ येतो. आम्लाची पहिली आग शमते, दुखणं उतरतं, रुग्ण सुटकेचा श्वास टाकतो. आत पोटभर सूज पसरत असते. या काळात घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो तेव्हा पोट फुगलेलं, जीभ कोरडी, लघवी बंद अशा अवस्थेत येतो, आणि मग आपल्या हातात फार थोडं उरलेलं असतं.

काकांच्या उजव्या बरगड्यांवर बोटाने ठोकून पाहिलं. तिथे यकृत असतं, म्हणून आवाज बद्द यायला हवा. तो पोकळ आला. जठरातून सुटलेली हवा यकृताच्या वर जाऊन बसली होती. ठोकून आतलं ओळखण्याची ही पद्धत १७६१ साली व्हिएन्नात लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी पहिल्यांदा पुस्तकात मांडली. त्यांच्या वडिलांची खानावळ होती, आणि पिंपात दारू किती उरली ते ठोकून बघण्याची युक्ती त्यांनी तिथेच पाहिली होती, असं सांगतात. आमच्याकडे उभ्याने काढलेल्या एक्सरेत श्वासाच्या पडद्याखाली हवेची काळी चंद्रकोर दिसली आणि मुलाची खात्री पटली. काका वाचले. दुखणं थांबणं आणि आजार थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यानंतर मी प्रत्येक नातेवाइकाला सांगते.

इथे वेदनाशामकाबद्दल लिहायला हवं. सर झॅकरी कोप यांचं तीव्र पोटदुखीच्या निदानावरचं छोटं पुस्तक १९२१ साली निघालं आणि सर्जनांच्या कितीतरी पिढ्या त्याच्यावर वाढल्या. मीही वाढले. आजही ते मी नव्या मुलांना वाचायला देते. पण त्या काळच्या शिकवणीतला एक नियम असा होता की निदान होईपर्यंत दुखणं कमी करणारं औषध देऊ नये, नाहीतर खुणा पुसल्या जातील. या नियमापायी कितीतरी माणसं वरिष्ठ डॉक्टर येईपर्यंत तासन्‌तास कण्हत पडलेली मी पाहिली. १९९२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासाने आणि त्यानंतरच्या इतर अभ्यासांनी दाखवलं की लवकर वेदनाशामक दिल्याने निदान बिघडत नाही. माझा अनुभव त्याहून पुढचा आहे. दुखणं थोडं उतरलं की माणूस पोट सैल सोडतो आणि गाठ किंवा गोळा हाताला जास्त नीट लागतो. खरा ताठरपणा इंजेक्शनने जात नाही. रुग्णाला उगाच कळवळत ठेवण्याला आता काहीही आधार उरलेला नाही. मात्र इंजेक्शन देऊन, बरं वाटलं म्हणून, पुन्हा न तपासता घरी धाडणं हे त्याहून वाईट, आणि ते गावोगाव रोज चालतं.

बाई सर्जन असल्यामुळे काही पोटं माझ्यापर्यंत उशिरा का होईना, पण पूर्ण उघडी होऊन आली. एक आजी चार दिवस उलट्या होतात म्हणून आल्या. दोन ठिकाणी पित्ताची औषधं झाली होती. पोट फुगलेलं, आतड्यांचा आवाज उंच, घुंगरासारखा. दोन्ही ठिकाणी त्यांना लुगड्यावरूनच तपासलं होतं. नऊवारीची गाठ सोडायला सांगणं तपासणाऱ्यालाही अवघड वाटलं असावं, आणि आजींना तर वाटलंच असतं. मी सगळ्यांना बाहेर काढलं, पडदा ओढला आणि म्हटलं, “आजी, मी तुमच्या लेकीसारखी. गाठ सैल करू द्या.” जांघेत, मांडीच्या वरच्या टोकाला सुपारीएवढी गाठ होती, लाल आणि दुखरी. मांडीच्या तोंडाशी होणारा हा हर्निया बायकांमध्ये जास्त सापडतो, लहान असतो आणि आतडं पटकन आवळून टाकतो. आजींनाही ती गाठ ठाऊक होती. कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितली नव्हती. आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढावा लागला, पण त्या चालत घरी गेल्या.

वयात येणाऱ्या मुलांचंही तसंच. अंडकोशाला पीळ पडलेला मुलगा लाजेने ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतो, आणि पीळ सोडवायला हाताशी साधारण सहा तास असतात. चड्डी उतरवून न पाहता मुलाचं पोट तपासलं असं मी मानतच नाही.

नुकतंच लग्न झालेली एखादी मुलगी घेरी येऊन पडते, ओटीपोटात दुखतं म्हणते, आणि जोडीने उजवा किंवा डावा खांदा दुखतो म्हणते. खांद्याला काही लागलेलं नसतं. पोटात साचलेलं रक्त श्वासाच्या पडद्याला टोचतं आणि त्याची कळ खांद्याला जाणवते. पाळी चुकली का, हा प्रश्न सासूसमोर विचारला तर उत्तर ‘नाही’ येतं. एकटीला विचारलं तर खरं उत्तर येतं. गर्भनलिकेत गर्भ राहून ती फुटली तर बेंबीभोवती निळसर डाग उमटतो, हे टॉमस कलन यांनी १९१८ साली लिहिलं. तो डाग पुस्तकात पाठ करावा, त्याची वाट मात्र बघत बसू नये. पांढुरके डोळे, जलद नाडी, खांद्याची कळ आणि लघवीची साधी तपासणी एवढ्यावर धावपळ सुरू करायची असते.

आणि मऊ पोट. भयंकर दुखणं आणि हाताखाली मात्र मऊ पोट, ही जोडी मला आजही सगळ्यात जास्त सावध करते. नाडी अनियमित असलेल्या म्हाताऱ्या माणसात ती आतड्याची रक्तवाहिनी बंद झाल्याची खूण असू शकते. पोटाच्या वरच्या भागातला ‘गॅस’ कधी हृदयविकार निघतो. लहान मुलात फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया, तरुणात आजवर न कळलेला मधुमेह, कुणात अजून फोड न आलेली नागीण. पावसाळ्यात एका पहाटे शेतावरच्या झोपडीत जमिनीवर झोपलेल्या तरुणाला आणलं. पोटात मरणाच्या कळा, दोन उलट्या, पोट कापसासारखं. सोबतचे म्हणत होते, रात्री शिळं खाल्लं. माझी नजर त्याच्या तोंडाकडे होती म्हणून दिसलं की त्याच्या पापण्या झोपेने नव्हे, तर त्याच्या इच्छेविरुद्ध खाली येत होत्या. मण्यार चावल्यावर दंशाची खूण बहुधा दिसत नाही, सूज येत नाही, रुग्णाला काही टोचल्याचंही कळत नाही, आणि पहाटेची पोटदुखी ही तिची ओळखीची सुरुवात असते. प्रतिसर्पविष सुरू केलं आणि श्वासाची नळी घालून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. आमच्या भागात पावसाळ्यात पहाटे पोट दुखत आलेल्या प्रत्येकाला मी आता आधी डोळे वर करायला लावते.

खुणा टिपण्याचा मक्ता एकट्या डॉक्टरांकडे नाही. अमेरिकेत मेयो बंधूंच्या इस्पितळात सिस्टर मेरी जोसेफ नावाच्या परिचारिका ऑपरेशनपूर्वी रुग्णांची पोटं स्वच्छ करत. काहींच्या बेंबीत कठीण गाठ लागते आणि त्यांच्या पोटात पसरलेला कर्करोग निघतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९४९ साली हॅमिल्टन बेली यांनी आपल्या पुस्तकात त्या गाठीला त्यांचं नाव दिलं. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरही रात्री दोनदा ताप बघायला जातात तेव्हा पोटावर हात ठेवतात. ‘मॅडम, बारा नंबरचं पोट संध्याकाळपेक्षा टणक लागतंय,’ असा फोन आला की मी चप्पल घालून निघते. हा फोन आजवर एकदाही वाया गेलेला नाही, कारण तपासून काही निघालं नाही तरी रात्रीची नोंद झालेली असते.

यंत्रांशी माझं भांडण नाही. सीटी स्कॅनने अनेक निरर्थक ऑपरेशनं वाचवली आहेत. पण आमच्या गावात रात्री सीटी नाही. सोनोग्राफीचं यंत्र आहे, मात्र ते नोंदणी असलेल्या डॉक्टरनेच वापरायचं आणि ते डॉक्टर रोज येत नाहीत. गर्भलिंगनिदानाच्या प्रकारांमुळे हा कडक कायदा आला आणि तो योग्यच आहे. म्हणून रात्री हात हेच साधन उरतं. यंत्र असतानाही ते एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधायला वापरायचं असतं, आणि प्रश्न हाताने विचारायचा असतो. एका ताईंना पोटाच्या उजव्या बाजूला कित्येक महिने दुखत होतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशनची तारीखही ठरली होती. माझ्याकडे दुसरं मत घ्यायला आल्या. दुखणारी जागा त्या एका बोटाने दाखवत होत्या. तिथे बोट ठेवून मी त्यांना उशीवरून डोकं उचलायला सांगितलं. आतलं दुखणं असतं तर ताठलेल्या स्नायूंनी त्याला झाकलं असतं. त्यांचं वाढलं. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या कार्नेट यांनी सांगितलेली ही खूण आहे: दुखणं पोटाच्या भिंतीत आहे, पोटात नाही. त्या जागी भूल देणारं औषध टोचलं आणि टेबलावरून उठण्याआधीच दुखणं थांबलं. खडे अजून आहेत, त्रास देत नाहीत. मी त्यांना हातही लावलेला नाही.

माझ्याकडे येणारे इंटर्न हुशार आहेत, आमच्यापेक्षा जास्त वाचलेले आहेत. पण बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी शंभराच्या वर केसपेपर असतात, आणि तेवढ्या गर्दीत रुग्णाला झोपवून पोट बघायला खाटच मोकळी नसते. बसलेल्या रुग्णाच्या शर्टावरून पोट दाबून ‘सोनोग्राफी करून आणा’ असं लिहून देण्यात त्यांचा आळस नाही, ही व्यवस्थाच तशी आहे. जिथे त्यांना वेळ मिळतो तिथे मी एकच काम देते: भरती झालेल्या एका पोटाला दिवसातून तीनदा हात लावा, दर वेळी चित्र काढा, वेळ लिहा. आठवड्याने त्यांची चित्रं बदललेली दिसतात.

तुमच्या घरात कुणाचं पोट दुखलं तर बेंबी सरकली म्हणून चोळून घेऊ नका, लहान मुलाचं तर मुळीच नाही. आत अपेंडिक्स सुजलेलं असेल तर चोळल्याने ते फुटू शकतं. दवाखान्यात गेल्यावर आडवं पडा आणि पोट, जांघेपर्यंत, दाखवा. लाज वाटत असेल तर पडदा मागा, सोबत बाई मागा, तो तुमचा हक्क आहे. पाळी चुकली असेल, गाठ असेल, दुकानातून गोळ्या आणून खात असाल तर न विचारता सांगा. आणि डॉक्टरांनी ‘संध्याकाळी पुन्हा दाखवायला या’ म्हटलं, तर बरं वाटत असलं तरी जा.